भिरभिरं थांबलं तेव्हा

टेक्निशियन बाईंनी माझ्या भाचीच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि म्हणाल्या, "हे फिरत राहायला हवं. मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहायचं, काय?" तिचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची रेघांत नोंद घेणारी तपासणी, चालू होती. तिच्या डोक्यावर रंगीत तारांचा गुंता होता. केसांत भांग पाडून जागोजागी चिकट पेस्ट लावली होती आणि त्या बंद खोलीत स्पिरिटचा वास भरून राहिला होता. ताई तिच्या उशाशी उभी होती, मी स्क्रीन दिसेल अशी जरा मागे. भाचीला आधी हसू येत होतं, मग ती खेळात रमली. फू, फू, फू. भिरभिऱ्याची लाल-पिवळी पाती एकमेकांत मिसळून नारिंगी दिसायला लागली. असं बराच वेळ चाललं. मग पाती हळूहळू सुटी झाली, लाल वेगळं, पिवळं वेगळं, आणि भिरभिरं थांबलं. ती पडली नाही, थरथरली नाही. डोळे उघडे होते, ओठांचा चंबू तसाच होता, पापण्या मात्र अगदी बारीक फडफडत होत्या. बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कमळ." स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा एकाच क्षणी उंच उसळल्या होत्या आणि एकाच तालात खालीवर होत होत्या. कपाळापासून मानेपर्यंत एकही रेघ वेगळी नाही. जशा उसळल्या तशाच त्या एकदम बसल्या. फू, फू. भिरभिरं पुन्हा फिरायला लागलं. "मी मघाशी कुठला शब्द म्हटला?" बाईंनी विचारलं. "कुठे काय म्हणालात?" भाची म्हणाली, आणि लगेच, जरा दुखावून, "मी थांबले नव्हते हं."

ते शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना.

शाळेतून बरेच दिवस एकच निरोप येत होता: हुशार आहे, पण लक्ष नसतं. वाचताना मध्येच गप्प होते, नंतर भलत्याच ओळीवरून पुढे जाते. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, बालवयातला ॲब्सेन्स प्रकारचा अपस्मार. दिवसातून कित्येकदा काही सेकंदांसाठी ती जिथे असते तिथून नाहीशी होते आणि परत येते. ताईला हायसं वाटलं आणि त्याच श्वासात ती घाबरली. मला वेगळंच काहीतरी टोचत होतं. आम्ही तिघींनी थांबलेलं भिरभिरं पाहिलं होतं, आणि जिच्या हातात ते होतं तिच्या लेखी ते अखंड फिरत होतं. आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण थेट एकमेकांना लागून. मधे काळोख नाही, धुकं नाही, काही गेल्याची चाहूलसुद्धा नाही. आपलं लक्ष सलग आहे ही जी आपली खात्री असते, ती नेमकी कशाच्या जोरावर असते? तिचा आजार हा आजार आहे, माझं तसं काही नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून मी मेंदूच्या लयींबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

या सगळ्याची सुरुवात एका चमत्कारिक ओढीतून झाली. हान्स बर्गर नावाचा तरुण जर्मन सैन्यात असताना घोड्यावरून फेकला गेला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी वडिलांची तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भाऊ संकटात आहे. मनातलं काहीतरी प्रत्यक्ष अंतर कापून जातं, अशी बर्गरची त्या दिवशी खात्री झाली आणि त्याचा मागोवा घेण्यात त्याने उभं आयुष्य घातलं. येना इथल्या मनोरुग्णालयात, ६ जुलै १९२४ रोजी, त्याला माणसाच्या मेंदूतून येणारी विजेची पहिली थरथर नोंदवता आली. पुढची पाच वर्षं तो हे प्रसिद्ध करायला धजावला नाही. १९२९ साली लेख आला, त्यात सेकंदाला साधारण दहा वेळा हेलकावणारी एक लय होती, तिलाच आपण आज अल्फा म्हणतो. डोळे मिटले की ती फुलायची, उघडले की मावळायची. मुलगा क्लाउस, मुलगी इल्झे यांच्या डोक्यालाही त्याने इलेक्ट्रोड लावले. मनातल्या मनात गणित करायला सांगितलं तरी लय दबायची. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग स्वतःवर करून पाहिला, तेव्हा कुठे जगाने मानलं. मनातलं मनाला पोहोचवणारी शक्ती बर्गरला सापडली नाही. डोक्याच्या कातडीवर पोहोचणारी ही वीज काही दशलक्षांश व्होल्टची असते, ती खोलीच्या पलीकडेही जाणार नाही. १९४१ मध्ये त्याने आत्महत्या केली. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. जे शोधत होता ते नव्हतंच, आणि जे हाती लागलं त्याचं मोल त्याला पुरतं पाहायला मिळालं नाही.

एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. ईईजीच्या रेघेत एकेका चेतापेशीचं बोलणं नसतंच. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या एकीचा आवाज कवटीबाहेर यायचा प्रश्नच येत नाही. सभागृहात हजार माणसं आपापल्या गतीने टाळ्या वाजवत असतील तर बाहेरच्याला नुसता कल्लोळ ऐकू येतो. तीच माणसं एका ठेक्यात आली की भिंतीपलीकडून ठोका मोजता येतो. रेघ उंच गेली याचा अर्थ मेंदू जास्त काम करतोय असा होत नाही. असंख्य पेशी एकाच वेळी चढताहेत आणि एकाच वेळी उतरताहेत, एवढाच तो अर्थ. जागं, गुंतलेलं, काहीतरी निरखणारं डोकं ईईजीवर उलट बारीक आणि विस्कटलेलं दिसतं, कारण प्रत्येक गट आपापलं काम करत असतो.

भाचीच्या त्या उंच, देखण्या लाटा सेकंदाला तीन होत्या. एक टोकदार शिखर, मागे एक गोल लाट, पुन्हा शिखर, पुन्हा लाट. १९३५ मध्ये बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी हाच आकृतिबंध याच आजाराशी जोडला होता आणि इतक्या वर्षांनंतरही निदान त्याच्याच आधारे होतं. मेंदूच्या गाभ्यात असलेला थॅलॅमस आणि बाहेरचा कॉर्टेक्स यांच्यात सतत ये-जा चालू असते. डोळ्यांकडून, कानांकडून येणारं बहुतेक सगळं थॅलॅमसमधून पुढे जातं. या येरझारीला एकच ठेका लागला की तिच्यातून दुसरं काही जाऊ शकत नाही. 'कमळ' हा शब्द तिच्या कानात शिरला असणार. पुढे त्याला वाट मिळाली नाही. गंमत अशी की हलक्या झोपेत सेकंदाला बारा-चौदा हेलकाव्यांच्या ज्या छोट्या सरी येतात, ज्यांना स्पिंडल म्हणतात, त्याही याच मार्गावर तयार होतात आणि झोपलेल्याला बाहेरच्या खुडबुडीपासून जपतात. एकच रचना, तिच्यावर झोपही चालते आणि हा आजारही.

तिचा मेंदू बंद पडला नव्हता. तो अतिरेकी एकमताने चालला होता.

आता पुन्हा अल्फाकडे येते, कारण माझं मन सगळ्यात जास्त तिथे रमलं. कितीतरी वर्षं अल्फा म्हणजे मेंदूचं रिकामं बसणं असं मानत. डोळे मिटले, पाहायला काही नाही, म्हणून मागच्या भागात सुस्त लय. एड्रियनच्या काळातच एक खटकणारी गोष्ट दिसली होती. समोर कुठलाही आकार नसलेलं एकसारखं दृश्य असेल तर उघड्या डोळ्यांनीही ही लय परतते. म्हणजे प्रश्न नुसत्या उजेडाचा नव्हता, पाहण्याच्या प्रयत्नाचा होता. मग २००० साली वर्डन, फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना नजर मध्यावर रोखायला सांगून लक्ष मात्र डाव्या किंवा उजव्या बाजूला द्यायला सांगितलं. अजून पाहण्यासारखं काही आलेलंही नव्हतं, नुसती वाट पाहणं चालू होतं. आणि ज्या बाजूकडे दुर्लक्ष करायचं, ती बाजू सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात अल्फा वाढली. रिकामं बसणं असतं तर लय दोन्हीकडे सारखी हवी होती. इथे ती एका बाजूचं दार ओढून घेत होती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. लक्ष देणं म्हणजे एका गोष्टीवर उजेड टाकणं, असंच आपण लहानपणापासून धरून चालतो. संशोधकही प्रकाशझोताची उपमा वापरत आले. पण लक्षाचा निम्मा कारभार गप्प करण्याचा आहे. समोरच्या माणसाचं ऐकताना पंख्याचा आवाज, पायाला टोचणारी चप्पल, शेजारच्या खोलीतलं बोलणं, संध्याकाळच्या कामांची यादी, या प्रत्येकावर कुणीतरी आत हात ठेवून असतं. 'लक्ष दे' हे सांगताना आपण मुलाकडून खरं तर शेकडो गोष्टी एकाच वेळी दाबून धरायची अपेक्षा करत असतो, आणि ते दाबून धरणं इच्छेच्या ताब्यात फार थोडं असतं. दिल्लीत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांच्या ईईजीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या दोघांनी चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त हात बुडवून ठेवला आणि त्यांची अल्फा तुटली नाही. इतक्या थोड्या माणसांवरून मोठा निष्कर्ष काढू नये हे खरं. पण त्या थंड पाण्याबद्दल वाचताना माझी बोटं आखडली, आणि दार ओढून घेणं किती दूरवर जाऊ शकतं याची कल्पना आली.

वेगवान लयीची, गॅमाची, गोष्ट जास्त गाजली. फ्रँकफुर्टमध्ये वोल्फ सिंगर आणि चार्ल्स ग्रे यांना १९८९ मध्ये मांजरीच्या मेंदूत दिसलं की एकाच आकृतीला प्रतिसाद देणाऱ्या, एकमेकींपासून लांबच्या पेशी सेकंदाला चाळीसच्या आसपास ठोक्यांनी जुळून चालतात. पुढे पास्कल फ्रीस यांनी माकडांमध्ये दाखवलं की ज्या वस्तूकडे लक्ष आहे तिच्या पेशींमध्ये ही जुळणी घट्ट होते, आणि २००५ मध्ये त्यांनी मांडलं की मेंदूचे दोन भाग एकमेकांशी तेव्हाच नीट बोलू शकतात जेव्हा त्यांचे ठोके जुळतात. पाठवणारा उच्चारतो त्या क्षणी ऐकणाऱ्याचा कान उघडा हवा. ही कल्पना मला सुंदर वाटते आणि म्हणूनच मी तिच्याशी सावध असते. माणसाच्या डोक्यावरून गॅमा मोजणं फार अवघड आहे. कपाळाच्या, जबड्याच्या स्नायूंची वीज तिच्यात मिसळते, आणि २००८ मध्ये युव्हाल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मेंदूची म्हणून मोजलेली बरीचशी गॅमा डोळ्यांच्या अतिसूक्ष्म झटक्यांतून आलेली होती. चाळीसच्या ठोक्याचे आवाज ऐकवून एकाग्रता वाढवण्याचं आश्वासन देणारी ॲप आज गल्लोगल्ली मिळतात. त्यांनी हा इतिहास एकदा वाचावा, असं मला कळकळीने वाटतं.

लहानपणी आमच्या घरात भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. दुपारी सगळे निजले की मी त्याच्याकडे बघत पडून राहायची. टिक्-टॉक, टिक्-टॉक. खूप वेळ कान देऊन ऐकलं की कळायचं, दोन आवाज नाहीतच, सगळे ठोके सारखे आहेत, जोड्या मीच लावतेय. मग मुद्दाम उलटं ऐकायचा खेळ, टॉक्-टिक्. जमायचं, पण थोडा वेळच. आणि कधीतरी ध्यानात यायचं की बराच वेळ घड्याळ ऐकूच आलेलं नाही. ते चालू होतं, मीही जागी होते. त्या न ऐकलेल्या ठोक्यांचं काय होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा. उत्तर माहीत नसण्यातही एक गुदगुली होती.

त्या प्रश्नाला अलीकडे एक शक्य उत्तर मिळालं आहे. आयलेट लँडाउ आणि फ्रीस यांनी २०१२ मध्ये, मग प्रिन्स्टनच्या फीबलकॉर्न आणि कास्टनर यांनी असं मांडलं की एका जागी रोखून धरलेलं लक्षही सलग नसतं. ते सेकंदाला साधारण चार वेळा गडद होतं आणि चार वेळा फिकं पडतं. २०१८ मध्ये माकडांच्या आणि शस्त्रक्रियेच्या निमित्ताने मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या माणसांच्या नोंदींतही ही लय सापडली. मला भावलं ते तिचं कारण. लक्ष फिकं पडतं त्या क्षणांत मेंदू आजूबाजूला नजर टाकून घेतो, दुसरीकडे काही महत्त्वाचं घडत नाही ना, हे बघतो. गवतात चरणाऱ्या प्राण्याने फक्त गवतच पाहिलं असतं तर तो टिकला नसता. मात्र हा वाद मिटलेला नाही. जेफ्री ब्रुकशायर यांनी २०२२ मध्ये आकडेमोडीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. वर्तनातले हे चढउतार खऱ्या लयीशिवायही तसे दिसू शकतात, असं त्यांनी दाखवलं, आणि दुसऱ्या बाजूने त्याला उत्तरं आली. मला स्वतःला मेंदूच्या आतून घेतलेल्या नोंदी जास्त पटतात. पण लय नियमित असो वा नसो, लक्षात फटी असतात यावर दोन्ही बाजूंचं दुमत नाही. आणि त्या फटी आपल्याला दिसत नाहीत. भाची जितक्या खात्रीने म्हणाली होती, तितक्याच खात्रीने मीही म्हणते की मी थांबले नव्हते.

औषध सुरू झालं. अमेरिकेत ४५३ मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन औषधांची तुलना होती. एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही झटके थांबवण्यात जवळपास सारखी चांगली ठरली. तरी सोळा आठवड्यांनंतर लक्षाच्या तक्रारी एथोसक्सिमाइड घेणाऱ्या ३३ टक्के मुलांमध्ये होत्या आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के. सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी की औषध सुरू होण्याआधीच सुमारे एक तृतीयांश मुलांना लक्ष टिकवणं जड जात होतं, आणि झटके पूर्ण थांबले तरी त्यांतल्या पुष्कळांचं ते जड जाणं गेलं नाही. ते वाचून मला वाईट वाटलं. झटके हेच कारण असतं तर हिशेब सरळ होता. भाचीचे झटके आता दिसत नाहीत आणि तरी ती अधूनमधून कुठेतरी जाते. फरक इतकाच की खांद्याला हात लावला की परत येते आणि "काय?" म्हणते. डॉक्टरांनी ताईला हीच खूण सांगितली होती. झटक्यातलं मूल हाकेला येत नाही, विचारातलं मूल येतं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाच्या बाबतीत कोण उठून जाऊन हात लावून बघणार?

म्हणूनच २०१९ ची ती बातमी मला अजून शांत बसू देत नाही. चीनमधल्या जिनहुआ शहरात एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला ईईजीचे पट्टे बांधले होते. तीन इलेक्ट्रोड आणि कपाळावर एक दिवा. लक्ष असेल तर लाल, नसेल तर निळा. मुलांचे गुण शिक्षकांकडे जायचे, घरीही जायचे. गदारोळ झाल्यावर ते थांबलं, पण ती कल्पना थांबलेली नाही, तिच्या नव्या आवृत्त्या विकल्या जाताहेत. मी इतकं वाचल्यावर मला त्या दिव्याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही. मन आत वळलं, एखादी कल्पना जुळवायला लागलं की अल्फा वाढलेली दिसते. मनातलं गणित तिला दाबू शकतं. पेंगुळलेलं मूल, कंटाळलेलं मूल आणि कवितेची ओळ शोधणारं मूल यांना तीन ठिकाणच्या विजेवरून वेगळं कसं काढणार? दात आवळले तरी रेघ हलते. आणि एखाद्या मुलीचा दिवा वीस सेकंद निळा राहिला, तर बाई तिच्या बाकापाशी जाऊन तिच्या पापण्या फडफडताहेत का ते पाहतील, की घरी आकडा पाठवतील?